पाचव्या दिवशी पाणी

बाहेर त्रेचाळीस. होटगी रोडचं डांबर
चपलेला सोडत नाही.
आत, पेटीत, सदतीस.
मे महिन्यातल्या सोलापुरात
बाईच्या पोटाची ऊबसुद्धा गारवा ठरते
हे ही नोकरी लागेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

अंबुजा बोद्दूल, वय अडतीस, दाजी पेठ.
बीजांडं सात मिळाली, पिकलेली चार.

ही तिनं यंदा केलेली नाहीत.
राजम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती,
तिच्या पोटात अंबुजा, पाच महिन्यांची,
आणि अंबुजाच्या पोटात, नजरेला न दिसणारी,
ही.
जोड्या लागल्या होत्या. बिलगून
थोडं तुझं मला, थोडं माझं तुला, झालं होतं.
मग सगळं थांबलं.
वीज गेल्यावर माग थांबतो तसं, धोटा अर्ध्या वाटेत.
परवा रात्री साडेदहाला आम्ही सुई टोचली
तेव्हा आली वीज.

मागवाल्याची मुलगी म्हणून मला हमखास विचारतात,
गुणसूत्रं म्हणजे शेवटी धागेच ना हो?
नाही.
तुटलेल्या धाग्याला बाबा बोलता बोलता गाठ मारायचे.
इथं गाठ सुटावी लागते.
अडतीस वर्षं एकमेकींना धरून बसलेल्यांनी
एका रात्रीत हात सोडायचे
आणि आपापल्या टोकाला जायचं.
एखादी नाही सुटली, तर तेविसाचे चोवीस,
आणि पुढे सगळाच हिशोब फिरतो.
सुटलेलं अर्धं सामान
एका बारक्या गोळीत बांधून कडेला ठेवलेलं
मला भिंगाखाली दिसतं.
उरलेल्याची वाटणी मात्र ते बीज
पाहुणा उंबरा ओलांडेपर्यंत करत नाही.

चारांतल्या एकाकडे पाहुणा गेलाच नाही.
एकात दोन गेले. दोन केंद्रकांच्या जागी तीन. बाद.
राहिली दोन.

अंबादासचा फोन जेवणाच्या सुट्टीत येतो.
मागं चादरींची खडखड, म्हणून तो ओरडतो:
"मॅडम, काय करालंय ओ ते आता?"
दोनाचे चार झाले.
"बरं हाय का?"
बरं आहे.
दुसऱ्या दिवशी एकाचे आठ झाले, दुसरं चारावरच थांबलं.
थांबलेल्याचं मी आपणहून सांगत नाही.
त्यानं विचारलं.
खडखड बराच वेळ ऐकू येत राहिली.

चौथ्या दिवशी पेशी अशा दाटतात
की मोजता येत नाहीत, पिकल्या तुतीसारख्या.
त्या दिवशी मी वहीत आकडा लिहीत नाही.

पाचव्या दिवशी पहाटे चारला गल्लीत नळ आला.
बॅरल, घागरी, कुकरचं भांडं, पोरांची बादली,
समोरच्या गुंडेटींची मोटर, तिच्यावरून भांडण.
ओल्या बाह्यांनीच कामावर आले.
भिंगाखाली पाहिलं तर
तिथंही पाणी.
कडेच्या पेशी बाहेरचं आत ओढत होत्या
आणि गोळा मधून पोकळ, तुडुंब होत होता.
पुस्तकात याला कोरकपुटी म्हणतात.
एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेला घोळका,
त्याचे पुढे हात, पाय, जीभ, तंटे.
पाणी भरणाऱ्या कडेच्या पेशींची वार होईल,
बाळंतपणानंतर कुणीतरी ती खड्डा करून पुरेल.
त्यांचं बारसं नसतं.

"मॅडम, काय करालंय?"
पाणी भरालंय, मी म्हटलं.
तो क्षणभर गप्प. मग हसला,
"म्हंजे सोलापूरचंच हाय की ओ!"

अकराला सोडलं आत. नळीत नुसता थेंब दिसतो.
अंबुजा छताकडे बघत होती.
विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाली.
तिची बोटं पांढऱ्या चादरीवर
पान नसताना, तंबाखू नसताना
विडी वळत होती.